पळीवरची तीन अक्षरं

अंड्याने चांदी काळी पडते आणि मिठाने तिला बारीक खड्डे पडतात. या दोन गोष्टी मिस विनीला पाढे यायच्या आधी शिकवल्या गेल्या होत्या, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला तरी त्या तिच्या मानगुटीवरून उतरायला तयार नव्हत्या.

ख्रिसमसला मॉपिन घराण्यात कस्टर्ड व्हायचं. दूध, साखर आणि डझनावारी अंडी मंद आचेवर ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळ्या. ते वाढायचं चांदीच्या मोठ्या पळीने. दुसऱ्या कशाने वाढलं तर जणू देव कोपणार होता. पळी कस्टर्डात बुडली की तिथून घाई सुरू. वाढून झाल्याझाल्या गरम पाण्याने धुवायची, पुसायची, परत पुसायची; नाहीतर खोलगट भागात आधी पिवळट, मग निळसर, मग काळा डाग धरतो. खारवलेल्या हॅमच्या रश्शात छोटी पळी, भाजलेल्या टर्कीतलं सारण काढायला लांब दांड्याचा चमचा, साखरेला चिमटा, माशाला पसरट उलथनं. सगळ्यांची तीच तऱ्हा. थोडक्यात, जिच्याकडे ही चांदी, तिने पंगतीला बसायचं नाही. असं कुणी कधी तोंडाने म्हणालं नव्हतं. ती सिंकपाशी उभी असायची आणि बाकीचे जेवत असायचे, एवढंच.

सत्त्याण्णव सालच्या ख्रिसमसलाही ती तशीच उभी होती. पलीकडच्या खोलीत तिच्या थोरल्या भावाने, गार्नेटने, काट्याने पेला वाजवला. गार्नेटचं सगळं आयुष्य तंबाखूच्या लिलावात गेलेलं, त्यामुळे 'मीठ दे' म्हणाला तरी बोली लावल्यासारखं वाटायचं.

"ऐका, ऐका! आमच्या डॅब्नीची मार्सी मार्चमध्ये बाळंत होणार हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण डॉक्टर म्हणतो, मुलगी आहे! इतक्या वर्षांनी मॉपिनांच्या घरात मुलगी! आणि नावही ठरलंय. लुसिंडा कॅरोलाइन मॉपिन!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मग गार्नेटने स्वयंपाकघराकडे मान वळवून हाक दिली, "विनी! ऐकलंस का? तुझ्या चांदीला वाली मिळाला बघ!"

"ऐकलं," विनी म्हणाली आणि पळी पुसायला घेतली.

आता ही चांदी काय होती ते सांगायला हवं, कारण या गावात दुसरं कुणी सांगणार नाही. इथे ती सगळ्यांना माहीत आहे. केंटकी राज्यात त्या काळी चांदीची खाण नव्हती आणि लेक्सिंग्टनच्या सोनाराकडे चांदीची लगडही येत नसे. लग्न ठरलं की मुलीचा बाप पिशवीभर स्पॅनिश डॉलर घेऊन सोनाराकडे जायचा. ती नाणी आटवून, ठोकून सोनार चमचे-पळ्या घडवायचा. नाण्यांचीच चांदी. १८३८ मध्ये लुक्रेशिया कोब मॉपिनचं लग्न ठरलं तेव्हा ए. ब्लायडन नावाच्या सोनाराने तिच्या बापाची नाणी आटवून ही भांडी केली, पाठीवर आपल्या नावाचा ठसा मारला, शेजारी एक गरुड आणि एक तारा, आणि पुढे दांड्यावर मुलीची माहेरची अक्षरं कोरली: एल, सी, एम. सासरची नाही. चांदी बाईची असते, नवऱ्याची नव्हे, असा त्यातला अर्थ. ऐकायला किती छान वाटतं! पहिली पंचवीस वर्षं ती घासायला घरात गुलाम बायका होत्या. त्यांची अक्षरं कशावरच नाहीत.

लुक्रेशियाला मूलबाळ झालं नाही. तिने चांदी भावाच्या मुलीला दिली, आणि त्या मुलीचं नाव मुद्दाम असं ठेवलेलं होतं की पळीवरची अक्षरं तिलाही चालावीत. झालं, पायंडा पडला. आत्याकडून भाचीकडे. दर पिढीत मॉपिनांच्या घरी जन्मलेल्या एका मुलीचं नाव एल आणि सीवरून ठेवायचं, ती वयात आली की चांदी तिची, आणि जिने चांदी दिली त्या आत्याचं म्हातारपणही तिचंच. हे शेवटचं कलम कुणी उच्चारत नसे. पण पळी घरात आली की तिच्या मागोमाग आत्याही यायची, किंवा आत्याच्या घरी आपल्याला जावं लागायचं.

विनीचं पूर्ण नाव लव्हिनिया क्ले मॉपिन. ती तेविसाव्या वर्षी लिओनोरा चेनॉल्ट मॉपिनच्या, म्हणजे आपल्या आत्याच्या, मेन स्ट्रीटवरच्या घरी राहायला गेली. 'थोडे दिवस, तिची कंबर बरी होईपर्यंत.' लिओनोराची कंबर बावीस वर्षांनी, ती वारली तेव्हा बरी झाली. तोवर विनी दिवसा बी-बियाणं आणि पशुखाद्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायची आणि संध्याकाळी आत्याला आंघोळ घालायची. विक पर्सेल नावाचा एक जण दुकानात क्लोव्हर गवताचं बी घ्यायला यायचा, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळा. त्याने दोन हंगाम वाट पाहिली आणि मग इंडियानाला निघून गेला. तिकडेही क्लोव्हरचं बी मिळत असणार. आत्या गेली तर बाप अंथरुणाला लागला, बाप गेला तर एक अविवाहित काका. ज्याला कुणी नाही त्याला विनी, हे गावाने गृहीतच धरलं होतं. तिला कुणी वाईट वागवलं नाही. उलट चर्चमध्ये तिच्यासाठी पुढची जागा राखलेली असायची. पण ती थकली होती. नुसती अंगाने नव्हे. रात्रभर झोपूनही जो जात नाही तसला थकवा, आणि तो ज्याला सांगावा असं माणूस तिच्या आयुष्यात नव्हतं, कारण सगळी माणसं तिच्याकडे आपलाच थकवा घेऊन यायची.

मार्सी उष्ट्या ताटल्या घेऊन स्वयंपाकघरात आली. पोरगी ओहायोतली, डेटनची. दोन वर्षांपूर्वी गार्नेटची सून होऊन आलेली, अजून मॉपिनांच्या गराड्यात बावरलेली.

"विनीआत्या, द्या, मी धुते."

"तू बस मुकाट्याने. त्या पोटाने सिंकपर्यंत हात तरी पोहोचतो का तुझा?"

मार्सी हसली आणि खुर्चीत टेकली. थोड्या वेळाने म्हणाली, "लुसिंडा कोण होती?"

"कोणी नव्हती."

"मग?"

"एल हवा म्हणून लुसिंडा. सी हवा म्हणून कॅरोलाइन."

मार्सीला आधी ती थट्टा वाटली. मग विनीचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. "आणि मोठी झाली की ही सगळी चांदी तिची?"

"चांदी तिची कसली? तीच चांदीची," विनी म्हणाली, आणि लगेच तिला पश्चात्ताप झाला, पोटुशी बाईला असं बोलू नये. "जाऊ दे. कस्टर्ड घेतलंस का?"

पण त्या रात्री तिला ते एकच टोचत राहिलं. अजून डोळे न उघडलेल्या पोरीला या घराने वाढप्याची नोकरी लावून टाकली होती. थांबवायचं तर विनीच थांबवू शकत होती, आणि मार्चच्या आत.

तिने खूप विचार केला असंही नाही. तिला एक साधा उपाय सुचला. अक्षरंच घासून टाकायची. पळीवर एल-सी-एम नसेल तर पोरीला एल-सी-एम नाव लावायचं कारणच उरत नाही. गार्नेट दोन दिवस आदळआपट करेल आणि गप्प बसेल.

जानेवारीत एका कोरड्या दिवशी तिने पाचही नग फ्लॅनेलच्या पिशव्यांत बांधले आणि आपली जुनी ब्यूक हळूहळू चालवत लेक्सिंग्टनला गेली. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत होते. तिने त्यांना वाजवू दिले.

होबार्ट टिन्सलीचं दुकान एका गल्लीत, न्हाव्याच्या शेजारी. बापापासूनचा धंदा: चांदीच्या भांड्यांची दुरुस्ती, पोचे काढणं, तुटलेले कान जोडणं. विनी त्याच्याकडे वर्षानुवर्षं पॉलिशची भुकटी घ्यायला येत असे. टिन्सली सत्तरीचा, मिशा पिवळट, बोटं कायम काळी.

"मिस विनी! एवढ्या थंडीत? आणि अख्खं लग्नच घेऊन आलात की."

"ही अक्षरं काढायचीत. सगळ्यांवरची."

टिन्सलीने पळी उचलली, उलटी केली, ठशावरून अंगठा फिरवला. "ब्लायडन. काय ठसा आहे! काल मारल्यासारखा." मग सुलटी केली. "आणि अक्षरं बघा, पार गुळगुळीत झालेली. सगळ्या ब्लायडनच्या भांड्यांचं हेच. ठसा पाठीला, तिकडे कोण घासत बसतंय? पुढची बाजू मात्र लोकांना दिसते, म्हणून बायका घासून घासून आपलीच अक्षरं आपल्या हाताने पुसत येतात. अजून पन्नास वर्षं थांबलात तर माझी गरजच नाही."

"पन्नास वर्षं नाहीत माझ्याकडे. मार्चपर्यंतच वेळ आहे."

"काढू नका असं मी म्हणेन. जुनी अक्षरं असली की घेणारे खूश असतात. काढली की चांदी तिथे पातळ होते."

"घेणाऱ्यांना कोण विचारतंय? तुम्ही काढा."

टिन्सलीने खांदे उडवले. धंद्यातल्या माणसाने एकदा सल्ला द्यावा, दुसऱ्यांदा देऊ नये, हे त्याला कळत होतं. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि पळीचा दांडा दिव्याखाली धरला. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दांडा पकडून, अक्षरांपाशी तो दाबून पाहिला. मग भिंग काढून विनीकडे पाहिलं.

"मिस विनी, ही आधी एकदा काढलेली आहेत."

"काय?"

"इथे दांडा आधीच पातळ आहे. या बघा इकडे." त्याने पळीवर तोंडाची वाफ सोडली. धुकं धरलं, आणि त्या धुक्यात, दिसत असलेल्या अक्षरांच्या खाली, किंचित डावीकडे सरकलेली, दुसरी तीन अक्षरं उमटली. एल, सी, एम. साधी, ताठ, बारीक. धुकं उडालं तशी ती गेली. "घासून काढलं तरी चांदीच्या पोटात कोरल्याचा दाब राहतो. वाफ दिली की दिसतं. खालची अक्षरं ब्लायडनच्या वेळची. वरची त्याची नव्हेत."

"मग कुणाची?"

"ऑटो ग्रेबनरची. हा एलचा खालचा फाटा बघा, दोनदा वळवलेला. सगळ्या केंटकीत असा एल दुसरं कुणी काढत नव्हतं. माझा बाप त्याच्या शेजारी बसायचा, शॉर्ट स्ट्रीटवर. जर्मन म्हातारा, तिरसट, पण हात असा! पहिल्या महायुद्धानंतर आला, मंदीत वारला."

टिन्सली आपल्याच नादात होता. त्याने पुन्हा भिंग लावलं.

"आणि आणखी एक. वापराचे बारीक चरे असतात ना, ड्रॉवरमध्ये भांड्यांवर भांडी घासली की पडतात ते, ग्रेबनरची अक्षरं त्या चऱ्यांच्या वरून कापत गेलीत. म्हणजे जुनी अक्षरं काढल्यावर पळी बरीच वर्षं कोरी वापरली. लगोलग नाही घातली नवी. कुणाकडे होती ही, त्या काळात?"

"माझ्या आत्याकडे," विनी म्हणाली. "लिओनोराकडे. शतक उलटायच्या आधीपासून तिच्याचकडे होती."

तिला बसायला स्टूल लागलं. टिन्सलीने दिलं आणि तो मागच्या खोलीत कॉफी आणायला गेला; चांगला माणूस होता, कधी उठून जावं हे त्याला कळलं.

लिओनोरानेच काढली होती अक्षरं. तीही कधीतरी अशीच फ्लॅनेलची पिशवी घेऊन लेक्सिंग्टनला आली असेल. तीही अशीच थकली असेल. तिनेही ठरवलं असेल की पुरे, माझ्यानंतर कुणी नाही. आणि मग बरीच वर्षं ती कोऱ्या पळीने कस्टर्ड वाढत राहिली. मग तेवीस साली भावाला मुलगी झाली, विनी. लिओनोरा तेव्हा चाळिशी ओलांडलेली, एकटी, कंबर दुखायला लागलेली. आणि ती पळी घेऊन ग्रेबनरकडे गेली.

विनीला राग यायला हवा होता. पण राग यायलाही अंगात बळ लागतं. तिला फक्त लिओनोराचे हात आठवले, शेवटच्या वर्षांतले, साबणाच्या पाण्यात धरलेले, टाकून दिलेल्या हातमोज्यांसारखे लुळे. तेव्हा म्हातारी एकदा म्हणाली होती, "तू नसतीस तर मी काय केलं असतं गं?" विनीला ते कौतुक वाटलं होतं. बावीस वर्षांत मिळालेलं एकमेव कौतुक म्हणून तिने ते जपून ठेवलं होतं. ते कौतुक नव्हतंच. म्हातारीने तो हिशेब विनी पाळण्यात असतानाच करून ठेवलेला होता.

आणि मग विनीला दुसरी गोष्ट कळली, ती जास्त वाईट होती. लिओनोरा काही दुष्ट बाई नव्हती. विनीसारखीच होती. आज विनी अक्षरं काढून पळी घरी नेईल. दोन वर्षांनी पडेल, खुब्याचं हाड मोडेल, खिडकीशी बसून राहील, आणि रविवारी मार्सी ती पोरगी घेऊन येईल. गोरी गोरी, गोबरी. आणि विनी म्हणेल, किती गोड पोर आहे, हिला काहीतरी द्यायला हवं. तिचं नाव काही का असेना, पळीवर घालता येतं. अक्षरं घालायला काय लागतं? ग्रेबनर मेला म्हणून कोरणारे संपले थोडेच.

टिन्सली कॉफी घेऊन आला. "मग? काढू?"

"नको. ठेवून घ्या."

"दुरुस्तीला?"

"कायमची. सगळी. विका, ठेवा, समुद्रात बुडवा."

"लेक्सिंग्टनला समुद्र नाही, मिस विनी."

"मग विका."

टिन्सलीने मिशीवर हात फिरवला. "घरी एकदा विचारून घ्या. असं तडकाफडकी करू नये. नंतर वाटलं तर—"

"म्हणूनच," विनी म्हणाली. "नंतर वाटेलच मला. मी स्वतःला ओळखते. तुम्ही ती अशा कुणाला द्या, की मी रडत आले तरी तुम्हाला परत आणता येऊ नये."

टिन्सलीने नग एकेक करून पिशव्यांत घालायला घेतले. "घेणारे ठसा बघून घेतात," तो म्हणाला. "ब्लायडन म्हटलं की उड्या पडतात. अक्षरं कुणाची, कुणी विचारत नाही."

"तेच बरं."

परतीच्या वाटेवर तिला एकदा गाडी कडेला घ्यावी लागली. ती रडली, चांगली हुंदके देऊन, कुंपणापलीकडचे घोडे मान वर करून बघत होते. मग नाक पुसलं आणि घरी आली.

रविवारी चर्च सुटल्यावर गार्नेट, डॅब्नी आणि मार्सी नेहमीसारखे तिच्याकडे जेवायला आले. बीन्स, मक्याचा ब्रेड, कोंबडी. रश्शाच्या वाडग्यात स्टीलचा डाव होता, किराणा दुकानातला, काळ्या प्लॅस्टिकच्या मुठीचा. गार्नेटने तो दोन बोटांत धरून उचलला, मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तसा.

"हे काय आहे?"

"डाव."

"ते दिसतंय. चांदी कुठाय?"

"टिन्सलीकडे. विकायला दिली."

गार्नेट लाल झाला, मग पांढरा. डॅब्नीचा घास तोंडाशीच राहिला. तो भला माणूस, पण बापासमोर त्याचा आवाज फुटत नसे.

"दीडशे वर्षांची चांदी तू एका दुकानदाराच्या पदरात टाकून आलीस? कुणाला विचारून?"

"माझी होती ना? तूच म्हणायचास. तुझी चांदी, तुझी चांदी."

"लिओनोराआत्याने विश्वासाने दिली होती तुला!"

"लिओनोराआत्याने काय केलं ते ऐक," विनी म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. वाफ, खालची अक्षरं, ग्रेबनरचा एल, चरे. आवाज न चढवता सांगितलं. चढवायला होताच कुठे.

गार्नेटने ऐकून घेतलं. "बरं मग?" तो म्हणाला. "शेवटी परत घातलीच ना अक्षरं? शहाणी झाली."

"म्हातारी झाली, गार्नेट."

"तेच म्हणतोय मी! तूही झालीस. उद्या अंथरूण धरलंस तर कोण बघणार तुला? ही पोरगी मोठी झाली असती, तुझ्या अक्षरांची, तुझी म्हणून—"

"ती पंचविशीत येईल तेव्हा मी शंभरीला टेकलेली असेन. तोवर बेडपॅन धरून बसू का?"

"चेष्टा पुरे. मी विचारतोय, कोण बघणार तुला?"

"आत्ता कोण बघतंय?" विनी म्हणाली.

ती टोमणा मारायला गेली नव्हती. तिने खरंच विचारलं होतं, एखाद्या हरवलेल्या वस्तूबद्दल विचारावं तसं, आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. डॅब्नी ताटात बघत राहिला. सत्त्याहत्तर वर्षांत गार्नेट पहिल्यांदाच बोली लावू शकला नाही. उठून त्याने हॅट घेतली आणि बाहेर जाऊन गाडीत बसला. डॅब्नी उठला, "आत्या, मी..." म्हणाला, तिच्या खांद्याला हात लावला आणि बापाला घरी सोडायला गेला.

मार्सी उठली नाही. पाय सुजलेत, नवरा परत न्यायला येईपर्यंत बसते, म्हणाली. विनीने तिच्या पायाखाली स्टूल सरकवलं आणि स्वतः समोरच्या खुर्चीत बसली. रस्सा गार होत होता.

"विनीआत्या, मग आता लुसिंडा नाव ठेवायलाच हवं असं नाही ना?"

"हवं असलं तर ठेव. नाव काही वाईट नाही."

"मला नाही आवडत."

"मग नको ठेवूस. तुझ्या मनात कोणतं आहे?"

मार्सीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ती गोंधळली. "मनात... काहीच नाही," ती म्हणाली. "ठरलंय म्हणाले सगळे, म्हणून मी विचारच नाही केला. कुणी विचारलंही नाही." तिचे डोळे एकदम भरून आले. असल्या अवस्थेत येतातच. तिने नाक ओढलं. "तुम्हाला आवडतं तुमचं? लव्हिनिया?"

एवढ्या आयुष्यात हे तिला कुणी विचारलं नव्हतं. विनीने नाव मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं, अनोळखी बाईचं म्हणावं तसं.

"आवडतं गं," ती म्हणाली. "गोड आहे. पण ते ठेवताना माझ्याकडे कुणी बघितलंच नव्हतं." मग पुढे वाकून तिने मार्सीच्या पोटावर हात ठेवला. "तुला घाई नाही. आधी पोरीचं तोंड नीट बघ. मग ठेव."